आत्याची कुंची

उस्मानाबादेत कचेरीमागच्या गल्लीत कुणाच्या घरी बाळ जन्मलं की चंद्रप्रभा सुया काढायची. बाळंतिणीच्या घरी डिंकाचे लाडू वळून होत नाहीत तोवर हिच्या सुईवर टाके चढलेले असत. टोपरं, मोजे, बिनबाह्यांचा स्वेटर, दुपट्याच्या कडेला क्रोशाची जाळी. कुणी मागितलेलं नसे. आमच्याकडं थंडी ती किती? संक्रांतीच्या आगेमागे लोक चार दिवस कानाला मफलर गुंडाळून एकमेकांना गारठ्याच्या बातम्या देतात आणि कचेरी भरायच्या वेळेला मफलर काखेत घेऊन हिंडतात. तेवढ्या थंडीसाठी चंद्रप्रभेनं जी लोकर विणली तिच्यात सबंध गल्ली गुंडाळून ठेवता आली असती.

पण वस्तू देखणी असायची, हे कुणीही कबूल करेल. टाका असा एकसारखा की उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली ते हातात घेऊन बघावं लागे. बारशाला ती जाई, पुडकं बाळंतिणीच्या मांडीवर ठेवी आणि कोपऱ्यात बसून राही. बायका म्हणत, "अगंबाई, किती सुरेख! हात आहे की काय आहे!" ती म्हणे, "असू दे." चहा घेऊन घरी येई आणि दुसऱ्या कुणाचे तरी टाके घाली.

हा नाद तिला तुळजापुरात, माहेरी असतानाच लागला होता. पण तेव्हा तो नाद होता. मनात आलं तर विणायचं, कंटाळा आला की सुया टोपलीत. लग्न होऊन ती उस्मानाबादेत आली, मुकुंद झाला, आणि तिसऱ्या वर्षी गोवराचं निमित्त होऊन मुकुंद गेला. त्यानंतर तिला काही वाटेनासं झालं. आमटीत मीठ दुप्पट पडलं तरी ती जेवून उठे. सणाच्या दिवशी पुरण करी आणि ते गोड लागतंय की नाही हे तिला सांगता येत नसे. रडली म्हणाल तर तेही नाही. लोकांनी तिचं कौतुक केलं, किती धीराची बाई म्हणून. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं. हात तेवढे हलत होते, म्हणून ती ते हलवत राहिली.

तिचे यजमान विष्णुपंत तहसिलीत कारकून. निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकलेले आणि उर्दूतच नोकरीला लागलेले. राज्य बदललं, मग जिल्हाही मुंबई राज्यात गेला आणि सगळे कागद मराठीतून लिहायचे आले, तेव्हा घरी जन्मभर मराठी बोलणारा हा माणूस सरकारी मराठीपुढं घामाघूम झाला. बोलायला आधीच कमी, त्यात आणखी कमी झाले. सोलापूरला काम निघालं की न सांगता लोकरीच्या लड्या घेऊन यायचे आणि फडताळात ठेवायचे. एवढंच त्यांचं बोलणं.

पौषातल्या एका सकाळी तुळजापूरच्या मोटारीच्या कंडक्टरनं दारात उभं राहून निरोप दिला. चंद्रप्रभेच्या धाकट्या भावाला, वसंतरावांना, मुलगी झाली. मुलगी आणि आई दोघी खुशाल. वसंतराव तुळजापुरात शाळामास्तर होते आणि लग्नाला पुष्कळ वर्षं होऊन त्यांचा पाळणा आत्ता हलला होता. त्यांची बायको शारदा आईवेगळी, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं.

चंद्रप्रभेच्या माहेरची रीत अशी, की बाळाच्या डोक्यावर पहिलं शिवलेलं वस्त्र चढायचं ते आत्याच्या हातचं. बारशापर्यंत बाळ बापाच्या जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळायचं, डोक्यावरही तेच ओढायचं. टोपरं नाही, टोपी नाही. बारशाला आत्या येणार, आपल्या हातची कुंची घालणार आणि मग बाळ पाळण्यात जाणार. कुंची म्हणजे डोक्यावरून पाठीवर उतरणारं, हनुवटीखाली बंदानं बांधायचं ते बाळाचं पांघरूण. शिवायला अवघड काही नाही. पण ती आत्याचीच लागते.

चंद्रप्रभेनं ट्रंकेतून लाल खण काढला. लग्नातला होता, घडी न मोडलेला. आतून मलमल लावली, डोक्यापाशी बारीक चुण्या घेतल्या, कडेनं पांढऱ्या लोकरीची जाळी विणली. दोन दिवस ती जेवणाच्या वेळा विसरली. आणि मध्येच कधीतरी, दोरा दातानं तोडताना, तिच्या लक्षात आलं की आपल्याला काहीतरी हवंय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ही कुंची त्या लेकराच्या डोक्यावर चढावी, बस. दुसरं काही नको. हे वाटणं इतकं अनोळखी होतं की ती सुई हातात धरून नुसतीच बसून राहिली.

बंद तेवढे राहिले होते. ते काळ्या लोकरीचे हवेत, असं तिनं ठरवलं. दुकानातली रंगवलेली लोकर नको, काळ्या मेंढीची हवी, म्हणजे लेकराला दृष्ट लागायची नाही. तशी लोकर बेंबळीच्या कोंडाबाईकडं मिळाली असती. कोंडाबाई धनगरीण, बाजारच्या दिवशी लोणी घेऊन गल्लीत यायची आणि प्रत्येक ओट्यावर बसून गल्लीपुरत्या बातम्या पोचवायची. पण गेले दोन बाजार तिचा पत्ता नव्हता. विष्णुपंतांना त्याच सुमारास बेंबळीच्या चावडीत काम निघालं, तेव्हा चंद्रप्रभा म्हणाली, "मी पण येते." विष्णुपंतांनी तिच्याकडं पाहिलं. आपणहून कुठं जायचं म्हणून ती किती दिवसांत बोलली नव्हती.

बेंबळीत विष्णुपंत चावडीकडं गेले आणि चंद्रप्रभा, कुंचीची पिशवी काखेत धरून, विचारत विचारत गावाबाहेरच्या धनगरांच्या घरांकडं निघाली.

पहिल्यांदा तिला दिसलं ते हिरवं टोपरं. त्याच्याखाली एक शेंबडं नाक होतं आणि ते पोर बाभळीच्या शेंगांनी खेळत होतं. चंद्रप्रभा थांबली. तसं टोपरं तिनं पोस्टमास्तरांच्या नातीला दिलं होतं. मग कुडाच्या आडून आणखी पोरं आली. एकाच्या अंगात मोतिया रंगाचा स्वेटर होता, छातीवर चिमण्यांची रांग. ही चिमण्यांची नक्षी तिनं शेजारच्या महानंदाच्या मुलासाठी मनानं बसवली होती, दुसऱ्या कुठल्याच स्वेटरवर ती नव्हती. एका पोरीच्या खांद्यावर जाळीचं दुपटं होतं. तिच्याच जवळ एक कोकरू उड्या मारत होतं आणि त्याच्या पुढच्या दोन पायांत पिवळे मोजे चढवलेले होते, लोकरीचे गोंडे लावून.

आपला टाका आपल्याला कळतो. तिनं सगळं ओळखलं. कुठलं कुणाच्या बारशाचं, तेही आठवलं. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे तिला समजत होतं. ते कुठून सुरू करायचं तेवढं सुचत नव्हतं.

"आगं बया! चंद्राबाई!" कोंडाबाई घरातून धावतच आली. "या, या. आमच्या दारात तुमी! आन गं पानी, घोंगडं हातर." तिनं आजूबाजूच्या घरांकडं तोंड करून हाक दिली, "आगं या गं, ह्याच त्या टोप्यावाल्या बाई!"

बायका गोळा झाल्या. एकीनं वाकून पायांना हात लावला, मग दुसरीनं. चंद्रप्रभा घोंगड्यावर बसून राहिली.

"लई दिस म्हनत व्हते, तुमास्नी एक डाव बोलावं," कोंडाबाई म्हणाली. "पर त्या महानंदाबाई म्हनल्या, बोलू नगंस. म्हनल्या, चंद्राबाईंचा नवस हाय. लेकरू गेल्यापासनं गरिबाच्या लेकरास्नी इणून वाटत्यात, पर बोललेलं आवडत न्हाय त्यास्नी. म्हून गप ऱ्हायले. म्या लोनी द्याया गेले की कुनी ना कुनी दारामागनं एक पुडकं देतंय बगा. नवं कोरं. ह्या साली गारठ्यानं आमचं एक बी लेकरू खोकलं न्हाय."

"नवस," चंद्रप्रभा म्हणाली.

"व्हय. न्हाय का?"

चंद्रप्रभेनं त्या चिमण्यांच्या स्वेटरकडं पाहिलं. कोपराशी उसवला होता, पोटावर ताकाचा ओघळ वाळला होता. अंगात घातलेला होता, एवढं खरं.

"आहे," ती म्हणाली. "नवसच आहे."

आता महानंदाला काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दुष्ट बाई नव्हती ती. मुकुंद गेला तेव्हा तेरा दिवस हिच्या घरी तिच्याच घरून डबा येत होता. पण ज्या हातचं लेकरू टिकलं नाही त्या हातचं कापड आपल्या लेकराच्या अंगाला नको, एवढं साधं तिचं आणि सबंध गल्लीचं गणित. टाकून द्यायला मन होईना, कारण वस्तू सुरेख. परत करावी तर चंद्रप्रभा दुखावेल. मग काढली वाट. वर नवसाची गोष्ट रचली. मला विचाराल तर ह्या गोड वागण्यापेक्षा तोंडावर नको म्हणालेलं शंभरदा बरं. निदान माणसाला कळतं, आपण कुठं उभे आहोत ते.

कोंडाबाईनं काळ्या मेंढीची लोकर आणली आणि मांडीवर हात घासून तिचा पीळ घालायला बसली. बघता बघता बंद तयार झाले. चंद्रप्रभेनं पिशवीतून कुंची काढली, भावाच्या लेकीची म्हणून सांगितलं आणि दोन्ही बाजूंना ते टाचले. लाल खण उन्हात आला तशा बायका पुढं सरकल्या, पण हात कुणी लावला नाही.

दाराशी कोंडाबाईची सून बसली होती. तिच्या मांडीवर महिन्याभराचं पोर होतं, तरटाच्या तुकड्यात गुंडाळलेलं. ह्या पोरामुळंच कोंडाबाईचे बाजार चुकले होते.

चंद्रप्रभेनं कुंचीची घडी घातली, पुन्हा उलगडली. तुळजापूरला काय होणार, ते तिला स्वच्छ दिसलं. आई म्हणेल, छान आहे हो. शारदा हसेल. कुंची बाळाच्या डोक्याला टेकवल्यासारखी करतील आणि ट्रंकेत टाकतील, आणि एखाद्या दिवशी ती अशीच कुणाच्या तरी दारामागून बाहेर जाईल. इतक्या वर्षांनी झालेलं लेकरू. ते माझ्या हातचं कशाला घालतील? मी तरी घातलं असतं का? ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिला देता येईना. ती उठली, त्या सुनेजवळ बसली आणि कुंची त्या पोराच्या डोक्यावर घालून बंद बांधले. पोरानं डोळे मिचकावले. कुंची बरोबर बसली होती.

"आवं, ह्ये तर तुमच्या भावाच्या लेकराचं न्हवं का?" कोंडाबाई घाबरून म्हणाली.

"तिला दुसरी करीन."

"बाई, असं नगा करू. आत्याचं आसतंय त्ये."

"करीन म्हटलं ना दुसरी," चंद्रप्रभा म्हणाली, आणि मोटारीची वेळ झाली म्हणून निघाली.

परतीच्या मोटारीत विष्णुपंतांनी तिच्या मांडीवरची रिकामी पिशवी पाहिली. मग म्हणाले, "कुंची?"

"दिली. कोंडाबाईच्या नातवाला." मग तिनं सांगितलं, "तिथं सगळंच आहे. मी केलेलं सगळं. टोपरी, मोजे. गल्लीतल्या कुणी काही ठेवलंच नव्हतं."

विष्णुपंत खिडकीबाहेर बघू लागले. तूर काढणीला आली होती. त्यांच्या त्या बघण्यावरून तिला समजलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं. महानंदाबाईंच्या यजमानांनी कचेरीत सांगितलं होतं. म्हणाले, बुरा मानू नका."

"मग लोकर का आणत होतात?"

मोटार खड्ड्यातून गेली. विष्णुपंतांनी समोरच्या बाकाची दांडी धरली. "तुझे हात चालू होते," ते म्हणाले. "मला वाटलं, तेवढं तरी चालू राहावं."

दुसरी एखादी बाई भांडली असती, रडली असती. तिनं पिशवीची चौकोनी घडी केली आणि मांडीवर ठेवली.

दुसरी कुंची तिनं केली नाही. कापड होतं, लोकर होती, दिवसही होते. रोज दुपारी ती टोपली पुढ्यात घेऊन बसे आणि मग कात्री परत ठेवून देई. मध्ये एकदा महानंदा आली. तिच्या भाचीला बाळ होणार होतं आणि तिला कुठल्याशा जाळीचा नमुना हवा होता.

"तुमच्यासारखा हात कुठला आमचा," महानंदा म्हणाली. "आमचा पिंट्या तर अजून तो चिमण्यांचा स्वेटर काढू देत नाही."

"हो का," चंद्रप्रभा म्हणाली आणि तिला नमुना समजावून दिला, टाके मोजून, अगदी नीट. महानंदा गेल्यावर तिनं पुन्हा भांडी घासली. ती आधीच घासलेली होती.

बारशाच्या आदल्या दिवशी विष्णुपंतांनी सोलापूरहून आणलेलं पुडकं तिच्यापुढं ठेवलं. साटिनची गुलाबी टोपी, जरीच्या टिकल्या लावलेली, आणि तसंच झबलं. दुकानाचा कागद, त्यावर दुकानाचं नाव. ते बघताना विष्णुपंत इतके ओशाळले होते की तिनं, "चांगलं आहे," असं म्हटलं.

तुळजापूरला ती पोचली तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. तिची आई उमाबाई दारातच भेटल्या. त्यांची नजर आधी लेकीच्या तोंडाकडं गेली, मग पिशवीकडं.

"आलीस. बरं झालं," उमाबाई म्हणाल्या. "आत जा, ती वाट बघत बसलीये."

माजघरात पाळणा फुलांनी सजवला होता. पाळण्यापाशी पाटावर शारदा बसली होती, मांडीवर बाळ. वसंतरावांच्या जुन्या धोतराचं फडकं बाळाच्या डोक्यावरून ओढलेलं. बाजूच्या ट्रंकेवर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणलेल्या टोप्यांची चळत होती. एकीचीही घडी मोडलेली नव्हती.

"वन्सं!" शारदेचा चेहरा एकदम उजळला. "या. किती उशीर! आणा आधी कुंची, मुहूर्त होत आला." तिनं मागं वळून सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा हो आता. आमच्या वन्संच्या हातची."

चंद्रप्रभेनं पुडकं पुढं केलं. शारदेनं दोरा सोडला, कागद उलगडला. गुलाबी टोपी वर काढली. मग कागद उलटा करून बघितला, आत आणखी काही आहे का म्हणून.

"हे विकतचं आहे," ती म्हणाली.

"हो."

"कुंची कुठंय?"

"नाही केली." मग खोटं बोलण्याचाही तिला कंटाळा आला. "केली होती. बेंबळीत एका धनगराच्या लेकराला दिली."

माजघरात कुजबुज झाली आणि थांबली. उमाबाई पुढं आल्या. त्यांच्या आवाजात कितीही दाबली तरी न दबणारी सुटका होती. "असू दे, असू दे. नाही जमलं तर नाही जमलं. माझ्याकडं एक करून ठेवलेली आहे. पाच लेकरांच्या आईच्या हातची आहे, चांगली." त्यांनी कोनाड्यातून निळी कुंची काढलीसुद्धा. किती दिवस तयार होती कोण जाणे.

चंद्रप्रभेनं ती पाहिली. म्हणजे आपण म्हणत होतो तसंच होणार होतं. आपल्या अंदाजाचा खरेपणा तिला कळला, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

"ठेवा ती, सासूबाई," शारदा म्हणाली.

"अगं, मुहूर्त..."

"ठेवा म्हटलं ना." ती चंद्रप्रभेकडं वळली. आवाज चढलेला नव्हता, पण मांडीवरचं फडकं तिनं मुठीत धरलं होतं. "बारा दिवस ह्या घरात मी भांडत बसलेय, वन्सं. सासूबाई म्हणत होत्या, तुमच्या हातची नुसती टेकवून ठेवून देऊ, घालायला ही निळी. मी म्हटलं, नाही. माझी लेक वन्संच्याच हातची घालेल, दिवसभर घालेल, फाटेपर्यंत घालेल. नाहीतर बोडकी राहील. यांच्याशी बोलले नाही मी दोन दिवस. बाळंतीण बाई मी, जेवले नाही एक दिवस. आणि तुम्ही धनगराच्या लेकराला देऊन आलात?"

चंद्रप्रभेनं ट्रंकेवरच्या घडी न मोडलेल्या टोप्यांकडं पाहिलं.

"तुम्हाला वाटलं, आम्ही घालणार नाही."

चंद्रप्रभेनं होकारार्थी मान हलवली.

"विचारायचंत तरी एकदा."

कुणीतरी खाकरलं. उमाबाई निळी कुंची हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांना ती आता खाली ठेवता येईना आणि पुढंही करता येईना. शारदेनं बाळाच्या डोक्यावरचं फडकं मागं सारलं. काळंभोर, मऊ जावळ होतं. "घ्या," ती म्हणाली आणि बाळ चंद्रप्रभेच्या हातात दिलं. "अशीच घाला पाळण्यात. बोडकी. नाव प्रमोदिनी ठरलंय."

चंद्रप्रभेनं बाळ घेतलं, पाळण्याखालून-वरून फिरवलं, आत ठेवलं. बायका पाळण्याभोवती जमल्या. आत्या वाकून बाळाच्या कानात कुर्र करते आणि नाव सांगते, तेव्हा बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. एरवी ह्या धपाट्यांत बायका मागचे-पुढचे सगळे हिशेब चुकते करतात आणि आत्या ओरडते, हसाहशी होते. चंद्रप्रभा वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन तिनं नाव सांगितलं. पाठीवर हात पडत होते ते पडल्यासारखे नव्हतेच. दुखणाईताच्या पांघरुणाला लावावा तसा एकेक हात लागत होता आणि मागं जात होता. लेकरू गेलेल्या बाईला कोण मारणार?

मग एक धपाटा असा बसला की तिचा श्वास अडकला. लगेच दुसरा, आणि त्यावर आणखी एक. पाळण्याची साखळी खणखणली. बायका बाजूला झाल्या. शारदा पाटावरून उठून आली होती. बाळाच्या आईनं धपाटे घालायची रीत नाही, आणि बारा दिवसांच्या बाळंतिणीच्या अंगात इतका जोर असतो हेही कुणाला माहीत नव्हतं. ती दात आवळून मारत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"अगं, अगं, शारदा!" उमाबाई म्हणाल्या.

"लागलं," चंद्रप्रभा म्हणाली.

शारदेचा हात वरच थांबला.

"शारदा, लागलं गं मला," चंद्रप्रभा पुन्हा म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. पाळण्याची दांडी दोन्ही हातांनी धरून ती रडू लागली. मोठ्यानं, तोंड वेडंवाकडं करून, भरल्या घरात, शुभकार्यात. पाठ दुखत होती. मुकुंद नव्हता. कुंची नव्हती. सगळं एकदमच दुखत होतं, आणि ते थांबवावं कसं हे तिला ठाऊक नव्हतं.

कुणी म्हणालं, पाणी आणा. कुणी म्हणालं, बाळावर टिपं पडू देऊ नका. शारदेनं कुणाचंच ऐकलं नाही. तिनं चंद्रप्रभेच्या पाठीवर, जिथं मारलं होतं तिथंच, हात ठेवला आणि वाट बघितली.

"नाव कुणाला ऐकूच गेलं नाही, वन्सं," मग ती म्हणाली. "परत सांगा."

चंद्रप्रभेनं पदरानं तोंड पुसलं आणि वाकली. बाळाचं उघडं डोकं तिच्या ओल्या गालाला लागलं. ते गरम होतं.